वेळापत्रकात नसलेला वार

रविवार, १० मे
कपडे धुण्याचं दुकान

धाकटे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असणार, वहिनीचं आहे. तरीही फोडलंस, उपकार झाले. आता शेवटपर्यंत वाच.

फोन करायला तुझा नंबर आमच्यापैकी कुणाकडेच नाही. निदान कुणी कबूल तरी करत नाही. पत्ता मात्र आईंना तोंडपाठ आहे, तोही परक्या भाषेतला, पिनकोडसकट. मी पेन उघडलं, त्यांनी डोळे मिटून सांगितला आणि मी लिहून घेतला. "कशाला हवाय?" असं त्यांनी विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

आम्ही तुझ्याच देशात आहोत. आई, तुझे दादा, आमची लेक आणि मी. चांगल्या पाच आठवड्यांसाठी. बसलीस ना खाली?

या वयात आई एवढ्या लांब यायला तयार का झाल्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे मूग गिळून बसलेत. त्यांना तुला बघायचंय. डॉक्टरांनी त्यांचे गुडघे पाहिले, छाती तपासली आणि म्हणाले, "एकदा जाऊन या. पण पुन्हा विचारायला येऊ नका." म्हणजे ही एकच वेळ. आणि तुझ्या दादांनी जी आखणी केलीय तिच्यात या देशातली झाडून सगळी गावं आहेत, तुझं सोडून.

बाबा गेले तेव्हा हे तुला फोनवर म्हणाले, "आता येऊन काय करणार आहेस? येऊ नकोस." तू आली नाहीस. तुझं म्हणणं, दादानेच नको म्हटलं. ह्यांचं म्हणणं, मी म्हटलं म्हणून काय झालं, यायला नको होतं का? सात वर्षं मी दोन्ही बाजू ऐकतेय, तुझी मनातल्या मनात आणि ह्यांची रोज. दोघांचंही मला पटतं, म्हणून तर माझी पंचाईत आहे.

असो. आजची गंमत सांगते.

तुझ्या दादांनी उभा जन्म शाळेचं वेळापत्रक केलं, हे तुला सांगायला नको. निवृत्त होताना कोऱ्या छापील वेळापत्रकांचा एक गठ्ठा घरी आणला होता. सहलीची आखणी त्याच्यावरच झाली. पहिला तास किल्ला, दुसरा तास संग्रहालय, पाचवा तास तळं. त्या कागदांचे फोटो काढून लेकीने खोल्या आणि गाड्या बुक केल्या. "बाबा, तुम्ही द्याल तसं मी करते, नंतर बोलायचं नाही," असं तिने बजावलं होतं. मधली सुट्टी ठेवली होती, एवढंच काय ते सुख.

आज सकाळी लॉजवालीने किल्ल्या मागितल्या. हे म्हणाले, पुढची खोली सोमवारची आहे. ती म्हणाली, आज रविवार आहे. हे म्हणाले, हो. मग दोघंही एकमेकांकडे बघत राहिले. तिच्याकडे एकही खोली रिकामी नव्हती. हॉटेलवाल्यांनी काहीतरी घोळ घातला, असं ह्यांनी जाहीर केलं आणि आम्ही चार बॅगा, एक पिशवी आणि आईंना घेऊन रस्त्यावर आलो.

इथे रविवारी चिटपाखरू नसतं, हे तू मला कधीतरी सांगायला हवं होतंस. दुकानं बंद, वर पाऊस आणि बोचरा गारठा. उघडं होतं ते फक्त हे, नाणं टाकून कपडे धुण्याचं दुकान. आत ऊब आहे, बाकं आहेत आणि कुणी काही विचारत नाही. आईंना बसवलं तर त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली होती. गोळ्या सगळ्यात मोठ्या बॅगेत, सगळ्यात तळाशी. का, तर पॅकिंग मी केलं होतं आणि "जड वस्तू खाली" हे माझं तत्त्व. गोळ्यांचा डबा केवढा जड असतो! अख्खा संसार त्या दुकानात उलगडला. ह्यांचे पायजमे एका परक्या देशाने पाहिले.

एक बाई युनिफॉर्म धुवायला आल्या होत्या. बस चालवतात. आमचा पसारा बघून त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी लेकीला विचारलं आणि मग फोन लावला. त्यांच्या नणंदेकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणे, ती आम्हाला न्यायला येतेय. ओळख ना पाळख. मला रडूच फुटलं, तर त्यांनी मशीनमधून निघालेला गरम टॉवेल माझ्या हातात दिला.

नणंद येतेय, असं ऐकल्यावर मला तुला पत्र लिहावंसं वाटलं. एवढंच कारण. बाकी मनात काही नाही.

वहिनी


सोमवार, १८ मे
शाळेचा हॉल

धाकटे,

काल पुन्हा तेच झालं. या वेळी हॉटेलवाल्यांना बोल लावायची सोय उरली नाही.

लेकीने सगळे कागद बाकावर ओळीने मांडले आणि म्हणाली, "बाबा, रविवार कुठाय?" ह्यांनी चष्मा लावला. सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी. खाली नव्या पानावर पुन्हा सोम. शाळेच्या छापील तक्त्यात रविवारचा रकानाच नसतो गं! तीस वर्षं शनिवारनंतर सोमवार आणणारा माणूस. इतकी गावं, गाड्या, खोल्या जुळवल्या, कुठे एक तास वाया जाऊ दिला नाही आणि दर आठवड्याचा एक अख्खा दिवस जगातून वजा केला.

मला असं हसू आलं की पोटात कळ यायला लागली. आईंनी तोंडाला पदर लावला. हे मात्र हसले नाहीत. कागद हातात घेऊन नुसते बसून राहिले. मग मला वाईट वाटलं. निवृत्त झाल्यापासून एवढ्या हौसेने त्यांनी काही केलं नव्हतं. रंगीत पेन्सिली आणल्या होत्या, आईंसाठी दुपारच्या विश्रांतीचे तास हिरवे केले होते.

या गावात कसल्यातरी खेळांचे सामने होते, त्यामुळे एकही खोली नाही. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने शाळेचा रस्ता दाखवला. बाहेरगावच्या पालकांसाठी हॉलमध्ये खाटा टाकल्या होत्या, त्यातल्या चार आम्हाला मिळाल्या. शाळेच्या शिपायाने आईंच्या खाटेवर दोन गाद्या घातल्या आणि बाथरूमच्या दारात धरायला खुर्ची आणून ठेवली. आपण होऊन.

सकाळी हे कुठे दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर एका वर्गात भिंतीसमोर उभे. भिंतीवर तिथलं वेळापत्रक होतं. भाषा कळत नाही, पण चौकटी कळतात. मला म्हणाले, "अगं, यांना तर शनिवारसुद्धा नाही!" आणि मग हसले. मनापासून हसले. माझा जीव भांड्यात पडला.

आईंचं सांगायचं राहिलं. लॉजवर सकाळी पावाबरोबर मुरंब्याच्या छोट्या छोट्या डब्या देतात ना, त्या आई खात नाहीत, पर्समध्ये टाकतात. पर्स आता बंद होत नाही. परवा लेकीने विचारलं, "आजी, एवढं काय करायचंय?" तर म्हणाल्या, "एकीला आवडायचं." ह्यांच्यासमोर म्हणाल्या. हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर एक भिंत होती.

मी तुला ये म्हणत नाही. बोलाव असंही म्हणत नाही. पर्सबद्दल फक्त तुला कळावं, एवढंच.

वहिनी


बुधवार, २७ मे
दवाखान्याशेजारची खोली

धाकटे,

घाबरू नकोस, आई बऱ्या आहेत. आधी हे वाच, मग बाकीचं.

मागच्या गुरुवारी आम्ही ज्या घरात उतरलो ते तिसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट नव्हती. फोटोत खिडकीतून दिसणारी नदी होती, जिना नव्हता. लेकीने नदी बघितली आणि बुक केलं. आई दर पाच पायऱ्यांवर थांबत चढल्या आणि वर पोहोचल्यावर म्हणाल्या, "आता मला इथून थेट वरच न्या, खाली नको." दुसऱ्या दिवशी गाडी होती. तीही दुसऱ्याच स्टेशनवरून सुटणारी, कारण या शहरात दोन स्टेशनं आहेत हे आम्हाला तिथे उभं राहिल्यावर कळलं. धावपळीत आमच्या नाकीनऊ आले. तरी ती चुकलीच. मग पुढच्या गाडीत आई सहा तास पाय लोंबकळत ठेवून बसल्या. उतरल्या तेव्हा डावा पाय सुजून टम्म झाला होता.

इथली डॉक्टरीण तरुण आहे, आमच्या लेकीपेक्षा थोडीच मोठी असेल. आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी तिने उलटी धरली, सुलटी धरली आणि खाली ठेवून दिली. त्यात तिचा दोष नाही, ती आमच्या औषधवाल्यालाही जेमतेम लागते. मग आईंच्या गोळ्यांची एकेक पट्टी बघून तिने स्वतःच सगळं लिहून काढलं. पाय उंच ठेवा, थोडं चालवा, चार दिवस प्रवास नको. दाराशी येऊन तिने आईंचा हात हातात घेतला आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. आई आपल्या भाषेत म्हणाल्या, "सुखी राहा गं." दोघींना काय कळलं कोण जाणे, पण दोघींचे डोळे भरले.

तुझे दादा हादरले. म्हणाले, "बास झालं. तिकिटं बदलू, परत जाऊ." तर आई उशीवर टेकून म्हणाल्या, "मी कुठे जाणार नाही. तू आखलंयस ना? मी शेवटच्या तासापर्यंत बसणार." त्यानंतर चार दिवस हे त्यांच्या पायाशी बसून होते. मांडीवर पाय घेऊन तेल चोळतात, बोट दाबून सूज बघतात आणि पुन्हा चोळतात. या माणसाला मी उगाच रागीट म्हणत नाही, आहेतच रागीट. पण आईचा पाय मांडीवर घेतलेला माणूस बघितला की राग कुठल्या कुठे जातो. हा नवरा मला मिळाला याचं मला बरं वाटतं, हे त्यांना सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगते.

आता खरं ते लिहिते. आतापर्यंत आडवळणाने लिहीत होते.

राहिलेले रविवार भरून काढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. लेकीला जवळ बसवून एकेक खोली ठरवली, जिना विचारून, लिफ्ट विचारून. शेवटचा रविवार, सात जून, मी रिकामा सोडला. लेकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "असू दे." तिने फोन खाली ठेवला. पोरगी शहाणी आहे.

सहा जूनला आम्ही शेवटच्या गावात असू. आमचं विमान आठला संध्याकाळी. ते गाव तुझ्या गावापासून बसने दोन तासांवर आहे. आणि एक सांगू? त्या गावात बघण्यासारखं काहीही नाही. एक पूल आहे. ह्यांनी तिथे तीन दिवस दिलेत. राजधानीला दोन दिलेत आणि त्या पुलाला तीन.

लॉजचा पत्ता खाली लिहिलाय. नको असेल तर तिथे एक ओळ टाक, "येऊ नका." वाईट वाटेल, पण मी आईंना काहीतरी सांगून वेळ मारून नेईन. त्यांना यातलं मी काही बोलले नाहीये. आशा लावायची आणि मग दार बंद निघायचं, हे त्यांच्या छातीला झेपणार नाही. माझ्या तरी झेपेल का, माहीत नाही.

वहिनी


शनिवार, ६ जून
पुलाचं गाव

धाकटे,

तीन दिवस काउंटरवर विचारतेय. पत्र नाही. "येऊ नका" नाही, "या" पण नाही. काउंटरवरचे आजोबा आता मला लांबून बघूनच मान हलवतात आणि एक गोळी काढून देतात, लिमलेटची. त्यांना वाटत असेल, मी कुणा प्रियकराची वाट बघतेय.

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही. उद्या हातातच घेऊन येईन. दार उघडलं नाहीस तर खालच्या फटीतून आत सरकवीन आणि आम्ही जाऊ. तुला बोल लावणार नाही. सात वर्षांनी कुणी चार बॅगा घेऊन दारात उभं राहिलं तर मीसुद्धा आधी कडी बघेन.

दुपारपासून माझं धाबं दणाणलं होतं. ह्यांना काय सांगायचं? पाच वेळा तोंड उघडलं आणि पाच वेळा चहाचं विचारलं. चहा पिऊन पिऊन ते कंटाळले आणि फिरायला गेले. पूल बघायला, चौथ्यांदा. परत आले, बूट काढले, मोजे घडी करून ठेवले आणि भिंतीला सांगावं तसं म्हणाले, "बस साडेनऊची आहे."

मी विचारलं, "कुठली बस?"

"तुला माहितीये कुठली."

मग म्हणाले, "माझी चूक काढून तू सगळे रविवार भरलेस आणि एक तेवढा विसरलीस होय? तू विसरणारी आहेस? मी त्याच दिवशी बघितलं होतं."

म्हणजे दहा दिवस त्यांना ठाऊक होतं, गं! तक्ता तीनदा तपासल्याशिवाय ज्या माणसाला झोप येत नाही, त्याने तो रकाना रिकामा बघितला आणि तसाच ठेवला. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी मोजे उलगडले आणि पुन्हा घडी केले. शेवटी म्हणाले, "तिने दार नाही उघडलं तर?" त्यांचा असा आवाज मी बाबा गेले तेव्हा ऐकला होता, नंतर नाही.

"तर परत येऊ," मी म्हटलं. "साडेनऊची आहे तशी परतीचीही असेलच."

"दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा," हे लगेच म्हणाले. चौकशी करून आले होते.

आईंना अजून सांगितलेलं नाही. पण आत्ता डोकावले तर त्यांनी उद्या नेसायची साडी खुर्चीवर काढून ठेवलीय. प्रवासाची नाही, चांगली.

वहिनी


रविवार, २१ जून
घरी

धाकटे,

दार तू उघडलंस त्याचं तुला काय सांगायचं, तू तिथे होतीस. आणि तेव्हा मी दारात उभी राहून नुसती रडत होते, त्यामुळे माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नये. तुला जे दिसलं नाही तेवढं सांगते.

तू आईंना आत घेऊन बसलीस तेव्हा हे खाली फाटकापाशीच होते. बॅगांजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हणे. त्या रस्त्यावर एक मांजर सोडून कुणी नव्हतं. लेक बोलवायला गेली तर म्हणाले, "मला अजून कुणी बोलावलेलं नाही." तिने वर येऊन मला सांगितलं, मी तुझ्याकडे नुसतं बघितलं आणि तू चपला न घालता खाली गेलीस. पुढचं मी खिडकीतून पाहिलं. तू मोठी बॅग धरलीस, त्यांनी सोडली नाही.

"सोड," तू म्हणालीस.

"जड आहे."

"माहितीये."

"तुला नाही झेपायची."

"दादा, सोड म्हणते ना!"

सात वर्षांनंतर भावाबहिणीचं पहिलं बोलणं, तेही हमालीवरून. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून ती बॅग वर आणली, भांडत भांडत, आणि दाराच्या चौकटीला आपटली. तो ओरखडा निघाला नसेल तर राहू दे.

दुसऱ्या दिवशी निघायच्या वेळी आई खुर्चीतून हलेनात. "मी नाही येत. व्हिसा शिल्लक आहे ना? मग मला कसली घाई आहे?" मला वाटलं, आता हे चिडणार. तर त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि तू म्हणालीस, "राहू दे." त्यावर ह्यांनी लेकीला तिकीट पुढे ढकलायला सांगितलं. विमानात मधली जागा रिकामी राहिली. हे सारखे तिथलं पांघरूण नीट करत होते.

आता घर मोठं वाटतं. सकाळी मी सवयीने चौघांचा चहा टाकते. आईंशिवाय इतके दिवस मी या घरात राहिलेच नव्हते, लग्न होऊन आल्यापासून नाही. करमत नाही. पण तुला सांगते, कोणी मला विचारलं की प्रवास कसा झाला, तर मी सांगेन, याहून वाईट आखलेला प्रवास शोधून सापडायचा नाही, आणि देवाने असाच पुन्हा द्यावा. ती बसवाली, तो शिपाई, ती डॉक्टरीण, रोज एक गोळी देणारे ते आजोबा, एकाचंही नाव मला ठाऊक नाही. सगळं नीट आखलेलं असतं तर ही माणसं भेटली नसती. आणि तू भेटली नसतीस. मी मनापासून ऋणी आहे, तुझी सगळ्यात जास्त. दार तू उघडलंस. तू नसतं उघडलंस तर आम्ही सगळे दोनची बस पकडून आलो असतो आणि आईंनी वाटेत एक शब्द काढला नसता, हे मला ठाऊक आहे.

हे पत्र लिहिताना हे दोनदा येऊन डोकावून गेले. पाणी प्यायच्या निमित्ताने. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी पेन पुढे केलं. "मी काय लिहिणार?" म्हणाले. मी उठून स्वयंपाकघरात आले. परत गेले तर पेन जागेवर होतं आणि खाली हे लिहिलेलं होतं. मी वाचलं, पण काही बदललेलं नाही.

वहिनी

छोटे,
आईला दुपारी जास्त झोपू देऊ नकोस, मग रात्री जागी राहते. डाव्या पायाखाली उशी हवी. औषधं जेवणानंतर.
तिची परतीची वेळ झाली की तिला एकटीला पाठवू नकोस. कुणा ओळखीच्यांबरोबरही नको. तू स्वतः घेऊन ये.
तू ये.
दादा